मरीयेचं माहेर

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी पेटी जागी व्हायची. मग कोंबड्या, मग आई, आणि शेवटी मी. बाबा पाळक होते, पण पहाटेची प्रार्थना ते बोलून करत नसत, वाजवून करत. पेटीच्या भात्याला चीर पडलेली होती. तिच्यावर आईनं लुगड्याचा तुकडा खळीनं चिकटवला होता, त्यामुळं प्रत्येक सुरामागं दम लागल्यासारखा एक आवाज यायचा. लहानपणी मला वाटायचं, पेटी अशीच वाजते. पुढं नांदेडच्या एका मोठ्या चर्चमध्ये धडधाकट पेटी ऐकली तेव्हा ती मला खोटी वाटली.

गाव आमचं बाळापूरहून डोंगरकड्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत होतं. एसटी फाट्यावर सोडायची आणि तिथून बैलगाडीच्या चाकोरीनं चालत यायचं. हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे परभणीतले. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. बाकी शेतकऱ्यांची वस्ती, चावडीमागं मुसलमानांची गल्ली आणि ओढ्यापलीकडच्या माळावर बंजाऱ्यांचा तांडा. चर्चला सगळे ‘येसूचं देऊळ’ म्हणत. पत्र्याचं छप्पर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, आणि भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. रविवारी उपासना चालू असली तरी आईच्या चुलीवर अंबाडीची भाजी शिजत असल्याचं मंडळींना वासानं कळायचं, आणि बाबांचा उपदेश लांबला की मागच्या बाकावरची माणसं मानेनं देवाकडं आणि नाकानं आमच्या स्वयंपाकघराकडं वळलेली असायची. हिवाळ्यात आई तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून टोपलीभर पायरीवर ठेवायची. उपासना संपली की ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती कुणीही यावं, शेंगा सोलत बसावं. उपदेशापेक्षा शेंगांना माणसं जास्त जमत, आणि हे बाबांच्या मनाला लागून राहिलं होतं.

त्या वर्षी ते जास्तच लागलं होतं, कारण मोठे साहेब येणार होते. मोठे साहेब म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या पाळकांवर देखरेख करणारे वयस्कर पाळक. माणूस प्रेमळ, पण हिशेबी नजरेचा. पावसाळ्याआधी ते येऊन गेले तेव्हा ओट्यावर चहा पिताना म्हणाले होते, “पाळकसाहेब, इतकी वर्षं झाली, तुमच्या मंडळीत बाहेरचं एक माणूस वाढलं नाही. नाताळला मी स्वतः येतो. बघू, आणि मग ठरवू.” काय ठरवायचं ते त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. पत्र्याच्या चर्चला कुलूप लागणार आणि आम्हाला कुठंतरी शहरात हलवणार. आईनं बशी उचलली आणि आत गेली. बाबा मला म्हणाले, “करुणा, बोलून काही होत नाही. मी बोलतो ते उंबऱ्याशी थांबतं. गाणं बघ, न विचारता आत जातं.”

तिथून ते सुरांच्या शोधात लागले. आमची चर्चमधली गाणी त्यांना एकाएकी परकी वाटायला लागली. म्हणायचे, तांड्यातल्या बायकांनी कापूस वेचता वेचता गुणगुणावं असं नाताळचं गाणं पाहिजे. सायकलवर बसून तांड्यात जायचे. तसेही ते जायचेच, कुणाला आयोडिन लावायला, कुणाला तापाच्या गोळ्या द्यायला. आता ते कान देऊन जायला लागले. पण पाळकसाहेब आले की बायका गायच्या थांबत आणि डोक्यावरची ओढणी पुढं ओढून घेत. बाबा रिकामेच परत यायचे.

सूर मिळाला तो माझ्यामुळं, आणि तेही मला न कळता. तांड्यातली सोनी माझी मैत्रीण होती. शाळा तिनं चौथीत सोडली होती, पण कापूस वेचायच्या दिवसांत आम्ही शेजारच्या ओळी धरायचो. तिचं लग्न ठरलं होतं, सुगी झाली की होणार होतं. त्या वर्षी ती सारखी एकच चाल घोळवत असायची. शब्द नसायचे, नुसतं तोंड मिटून. चाल लांबत जायची, मध्येच तुटल्यासारखी व्हायची आणि पुन्हा खालून वर चढायची. मी विचारलं, “कशाचं गं हे?” तर लाजून म्हणाली, “दादी शिकवून राहिली. तुला काय करायचंय?” सोनीची दादी म्हणजे तिची आजी, धानीबाई. तांड्यात कुणाचंही लग्न असलं की बायका तिच्या तोंडाकडं बघायच्या. मी पुढं काही विचारलं नाही. पण चाल अंगाला कापसाच्या तंतूसारखी चिकटून आली. घरी कंदिलाची काच पुसताना मी ती म्हणत होते, तर बाबा हातातलं ताट तसंच ठेवून पेटीपाशी जाऊन बसले. “पुन्हा म्हण,” म्हणाले. मी म्हटली. त्यांचे डोळे चमकत होते. “कुणाची गं ही?” “तांड्यातली,” मी म्हणाले. त्यांना तेवढंच हवं होतं.

त्यांनी त्या चालीवर शब्द बसवले. ‘उठा गं सयांनो, दिवे लावा, गव्हाणीत चांद उतरला’ असं काहीसं ते गाणं होतं. शब्द असे उड्या मारणारे आणि चाल अशी पाय ओढत चालणारी. मला ते जमेना. आनंदाच्या ओळीवर माझा आवाज भरून यायचा. बाबा म्हणायचे, “हसून म्हण, बाळा. तारणारा जन्मला आहे.” मी हसून म्हणायचे, तरी तसंच व्हायचं. ढोलक वाजवायला उस्मानचाचा यायचे. ते गाद्या भरायचे, आणि गावातल्या कुठल्याही देवाच्या कामाला ढोलक घेऊन हजर असायचे. दोन-तीन तालमी झाल्यावर त्यांनी ढोलक बाजूला ठेवली. “साहेब, बुरा मत मानो, पण ह्या गान्यात ठेका बसत न्हाई. मी कुटंबी हात टाकला तरी अडचण केल्यासारखं वाटतंय.” बाबा म्हणाले, “हळू वाजवा चाचा, बसेल.” चाचांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नव्हतं.

आता मी औरंगाबादेत मुलीकडं राहते. इथल्या चर्चचा तरुणांचा गट नाताळच्या आठवड्यात मॉलमध्ये जाऊन गातो. माझी नात त्यांच्यात आहे. लाल टोप्या, गिटार, तीन-तीन आवाजांत बसवलेली गाणी. मागच्या नाताळला मीही गेले होते, त्यांनी मला एका खुर्चीवर बसवलं. लोक थांबत होते, मोबाइल वर धरत होते, हसत होते आणि सरकत्या जिन्यानं वर जात होते. घरी येताना नात म्हणाली, “आजी, एवढे लोक थांबले. पण त्यांना काय मिळालं असेल गं?” मला त्या तांड्यातल्या बायका आठवल्या. काय मिळतं हे जर मला ठाऊक असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

गावाकडं तेव्हा नाताळची सकाळची उपासना आमच्या मंडळीची, आणि दुपारची सगळ्या गावाची असायची. त्या वर्षी अंगणात गोणपाटाच्या चवाळ्यांचा मांडव घातला होता. बाबांनी कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची चांदणी करून दारावर टांगली होती. आई दोन दिवस करंज्या तळत होती, तिच्या हातांना खोबऱ्याचा आणि तेलाचा वास बसला होता. मोठे साहेब काळा कोट घालून खुर्चीवर बसले. पुरुष आले, चावडीमागची दोन-चार म्हातारी माणसं आली, आणि मग ओढ्याच्या वाटेनं आधी नुसता आवाज आला. बांगड्यांचा, वाळ्यांचा, घागऱ्याला लावलेल्या आरशांचा आणि नाण्यांचा. तांड्यातल्या बायका इतक्या जणी मिळून कधी आल्या नव्हत्या. सोनीनं त्यांना सांगितलं होतं की माझी मैत्रीण गाणार आहे, म्हणून. पुढं धानीबाई होती, हातातल्या काठीनं वाट चाचपत. त्या मांडवाच्या डाव्या बाजूला बसल्या आणि करंज्यांच्या टोपल्याकडं बघून आपसांत काहीतरी बोलून हसल्या. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

उपदेश त्यांनी थोडक्यात आटोपला. मग पेटीवर बसले आणि मला मान हलवली. मी उभी राहिले. पहिली ओळ म्हटली आणि डाव्या बाजूचा सगळा आवाज थांबला. बांगड्यासुद्धा. मला वाटलं, काही चुकलं. मी बाबांकडं बघितलं, ते डोळे मिटून वाजवत होते. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी हुंदका दिला. मग दुसरीनं दिला. मी ‘दिवे लावा, दिवे लावा’ म्हणत होते आणि समोरच्या बायका ओढणीत तोंड घालून रडत होत्या. उस्मानचाचांनी हात आवरता घेतला. सोनी माझ्याकडं डोळे फाडून बघत होती आणि मान हलवून मला काहीतरी सांगू पाहत होती, थांब का म्हण ते कळत नव्हतं.

तेवढ्यात मोठे साहेब उठले. “ज्यांच्या काळजाला प्रभूनं हात लावला असेल त्यांनी पुढं यावं. लाजू नये.” त्यांचं बोलणं बायकांना किती कळलं कोण जाणे. पण धानीबाई काठी टेकून उठली. ती सरळ माझ्याकडं आली, काठी खाली टाकली, दोन्ही हातांनी माझी मान धरली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकून माझ्याच चालीत, पण तिच्या बोलीत, गाऊ लागली. गाणं होतं का रडणं होतं ते मला सांगता येणार नाही. तिच्या मागं दुसरी आली, मग तिसरी. एकेक जण माझ्या गळ्यात पडत होती. त्यांच्या हातांतल्या बांगड्या माझ्या पाठीवर रुतत होत्या, तेलाचा, घामाचा, चुलीच्या धुराचा वास येत होता. मी पंधरा वर्षांची. मला काही दुःख नव्हतं. आणि मी ओक्साबोक्शी रडत होते. कशासाठी, तेव्हाही कळलं नाही.

शेवटी ज्या हातांनी मला धरलं त्यांना खोबऱ्याचा वास होता. आई. ती चुलीपासून कधी उठून आली मी पाहिलं नव्हतं. आईला मी रडताना कधी बघितलं नव्हतं. माझा लहान भाऊ गेला तेव्हासुद्धा ती पाणी भरत राहिली होती. ती त्या बायकांच्या रांगेत येऊन, माझ्या गळ्यात पडून, मोठ्यानं रडत होती, आणि धानीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

सगळं जरा निवळल्यावर सोनीनं मला भिंतीआड ओढलं. तिचं नाक लाल झालेलं आणि तरी तिला हसू आवरत नव्हतं. “येडे, काय केलं हे! ढावलो म्हणून राहिली तू.”

“म्हणजे?”

“लगनात नवरी म्हणत असती तो. सासरी जायच्या टायमाला, एकेकीच्या गळ्यात पडून. अन् ढावलो ऐकला की बाईनं बसून राहायचं नसतंय. उठून त्या पोरीला पोटाशी धरावं लागतंय. समद्याइला आपलं आपलं आठवलं. दादीला तिची माय आठवली.” मग ती एकदम गंभीर झाली. “आता तुला जावं लागते का काय कुटं?”

मी तशीच बाबांकडं गेले. ते रांजणापाशी चेहरा धूत होते. ते इतके आनंदात होते, तरी मी सांगितलं. त्यांनी ओल्या हातांनीच भिंत धरली. “म्हणजे त्या नवरीसाठी रडल्या?” “सोनी म्हणते, आपापल्या आईसाठी.” मांडवातून मोठ्या साहेबांचा आवाज येत होता, “पवित्र आत्मा उतरला! या डोळ्यांनी पाहिलं!” बाबांनी नुसतं गप्प राहायचं होतं. चर्च राहिलं असतं, घर राहिलं असतं, मोठे साहेब आनंदानं परत गेले असते. मला ते तेव्हाही समजत होतं. मी एकच विचारलं, कारण ते मला खरंच सुटत नव्हतं. “पण बाबा, आईला तर ढावलो ठाऊक नाही. मग ती काहून रडली?” बाबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांना न येणारं गणित घातलं आहे. मग तोंड पुसलं आणि मांडवात गेले.

बायका करंज्या खात बसल्या होत्या. मोठे साहेब धानीबाईपुढं खुर्ची ओढून बसले होते. “बाई, गाणं ऐकून तुम्हाला काय वाटलं, आम्हाला सांगा.”

“काय वाटंल, साहेब. पोरगी निघाली, रडू आलं.”

“कुठं निघाली?”

“ते तुमी सांगा. गाणं तर जायचंच व्हतं.”

बाबा पुढं झाले आणि सगळं सांगून टाकलं. चाल कुठली, कशी आली, बायका पुढं का आल्या. “साहेब, यांनी आमचं काही ऐकलंच नाही. यांनी यांचंच ऐकलं,” असं ते म्हणाले. मोठ्या साहेबांचा चेहरा उतरत गेला. चमच्यानं चहा ढवळत ते हळूच म्हणाले, “तुम्ही न सांगता चाललं असतं, पाळकसाहेब.” बाबा म्हणाले, “मला नसतं चाललं.” पण त्यांच्या आवाजात ठामपणा नव्हता.

धानीबाईला या दोघांत काय बिनसलं ते कळेना. तिला वाटलं, गाणं घेतल्याबद्दल आपण रागावलो की काय असं यांना वाटतंय. ती म्हणाली, “घ्या की गाणं. पर बोल काय घातले व्हते त्याच्यात? गव्हाणीत काय म्हणून राहिली व्हती पोरगी?” बाबांनी सांगितलं, मरीया नावाची बाई, तिला लेकरू झालं, जागा मिळाली नाही म्हणून त्याला गव्हाणीत निजवलं.

“पहिलटकरीण व्हती?”

“हो.”

“मंग बाळंतपणाला माहेरी काहून न्हाई गेली?”

बाबांनी राजाचा हुकूम, नावनोंदणी, नवऱ्याच्या मूळ गावाला जाणं, हे सगळं सांगितलं. धानीबाई लक्ष देऊन ऐकत होती. “अन् तिची माय?”

“तिच्या आईबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नाही,” बाबा म्हणाले.

“लिवलं न्हाई म्हंजे नव्हती का काय?” धानीबाईनं करंजीचा चुरा ओंजळीत गोळा करून तोंडात टाकला. “तिनं वाट बघितली असंल की. पहिलं बाळंतपण. पाणी तापवून ठिवलं असंल.” मग मोठ्या साहेबांकडं वळली. “तुमी शिकेल मानसं. तुमाला ठावं असंल, भेटली का पुन्हा ती तिच्या मायला?”

मोठ्या साहेबांनी बाबांकडं बघितलं, बाबांनी मोठ्या साहेबांकडं. चहाचं ताट हातात घेऊन आई मागं उभी होती. तिनं ते ताट जमिनीवर ठेवलं आणि आत निघून गेली.

मोठे साहेब ऊन कलायच्या आत गेले. जाताना त्यांनी काही ठरवल्याचं सांगितलं नाही. पुढंही आम्हाला कुणी हलवलं नाही, चर्चला कुलूप लागलं नाही. काहून, ते मला आजवर कळलेलं नाही. बाबांच्या खरेपणामुळं, का ते विसरून गेले, का त्यांनाही त्या म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच परत यायचं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कढई घासत होती. राखेनं माखलेल्या हातांनीच, वर न बघता, ती बाबांना म्हणाली, “मला माहेरी जायचंय.”

आईचं माहेर वसमतकडचं. फार लांब नव्हतं, एसटीनं दोन-तीन तासांची वाट. पण मी ते कधी बघितलं नव्हतं. आई गावातल्या मुलींच्या बरोबर मिशनच्या दवाखान्यातलं काम शिकायला म्हणून घरातून निघाली, तिथं तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि तिच्या वडिलांनी सांगून पाठवलं की आमची मुलगी वारली. एवढीच गोष्ट मला माहीत होती, तीही बाबांकडून. आई माहेर हा शब्दच उच्चारत नसे. बाबा म्हणाले, “मी येऊ सोबत?” “नको. करुणाला नेते.” बाबांनी पेटीचं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. “जा,” म्हणाले.

एसटीत आई खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते. काही दिसत नव्हतं. मांडीवर उरलेल्या करंज्यांचा डबा होता. गावात शिरल्यावर तिनं कुणाला वाट विचारली नाही. एका घरापुढं ती थांबली. ओट्यावर एक म्हातारा घोंगडी पांघरून उन्हाला बसला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरला. “कोन हाय? कोनाची गं तू?”

“तुमचीच,” आई म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान हलवली, म्हणजे त्याला पटलं किंवा ऐकू आलं नाही. आत तोंड करून तो ओरडला, “सूनबाई, पाव्हणी आली. च्या टाका.” ज्यानं आईला मेलेली ठरवलं तो हाच माणूस, यावर माझा विश्वास बसेना. मामी बाहेर आली. तिनं आईला कधी बघितलं नव्हतं, पण चेहरा बघून ओळखलं असावं, कारण तिच्या हातातलं सूप तिथंच राहिलं. “वन्सं?” ती म्हणाली. आणि मग, आईनं विचारायच्या आधीच, “आत्याबाई गेल्या. दोन पावसाळे झाले. कळवायला ठिकाण ठावं नव्हतं.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू, आईची आई. मी आईचा हात धरला. मला वाटलं, आता ती कोसळेल. पण आईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती चुलीपाशी बसली, मामीनं दिलेला चहा प्यायली, भिंतीवरचा कोनाडा, उतरंडीची मडकी, सगळं एकेक करून बघितलं. परवा जिच्यासाठी ती अनोळखी बायकांत उभी राहून रडली होती ती तर दोन वर्षांपूर्वीच गेलेली. मग ते रडणं कुठं पोचलं असेल? आणि आता खरी वेळ आली तर डोळे कोरडे कसे? मी आईला हे विचारलं नाही. आजोबा करंज्या खात होते आणि “गोड झाल्यात, पाव्हणे” असं दर करंजीला म्हणत होते.

निघताना मामी म्हणाली, “थांबा, वटी भरते.” सुपात तांदूळ, नारळ, खण घेऊन ती आली, पाट मांडला. मग कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि तिथंच थांबली. तिच्या ध्यानात आलं होतं. पाळकाची बायको, कपाळ मोकळं. करंडा पुढंही करता येईना, मागंही घेता येईना. ती बिचारी एवढीशी झाली. म्हणाली, “वन्सं, मला कळंना बगा. आत्याबाई असत्या तर त्यांनीच काय ते केलं असतं.” आई पाटावर बसली होती. तिनं नुसती मान जराशी वर केली, लहान मुलगी तोंड धुऊन घ्यायला करते तशी. मामीनं कुंकू लावलं.

मला वाटलं, गावाबाहेर आल्यावर आई ते पुसेल. गावाबाहेर आल्यावर वाटलं, एसटीत बसल्यावर पुसेल. पदर तिच्या हातात होता, घाम आला की ती गाल पुसायची, मान पुसायची आणि कपाळाला हात लावायची नाही. बाळापूर आलं, तिथं गाडी बदलली. मी मनातल्या मनात बाबांचा चेहरा बघत होते. सबंध मंडळी बघत होते. आई विसरली आहे का, तिला सांगावं का, का तिला सगळं ठाऊक आहे आणि मलाच काही ठाऊक नाही, याच घोळात फाटा आला.

बाबा सायकल घेऊन फाट्यावर उभे होते. दुपारच्या दोन्ही गाड्या त्यांनी बघितल्या असाव्यात, कारण चपला धुळीनं भरल्या होत्या. त्यांनी आईच्या कपाळाकडं बघितलं. आईनं नजर खाली केली नाही. बाबांनी पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली आणि सायकलच्या हँडलला अडकवली. नारळ जड होता, पिशवी एकीकडं झुकली, त्यांनी ती नीट केली. “आई भेटल्या?” त्यांनी विचारलं. आईनं मान हलवली, नाहीत म्हणून. “भाकरी करून ठेवल्यात,” बाबा म्हणाले. “जाड झाल्यात.”

“असू द्या,” आई म्हणाली.

त्या वाटेनं चालताना दोघांच्या मनात काय होतं ते मी पुढं कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला दोघंही नाहीत. बाबांनी तांड्यातल्या बायकांसाठी लावलेला सूर कुठं जाऊन लागला, देवाकडं का देवापासून दूर, याचा मी आयुष्यभर विचार केला आणि दरवेळी तो अर्ध्यावर सोडला. मला दिसतं ते एवढंच, की मध्ये सायकल, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई, आणि मागं मी. गावाच्या तोंडाशी विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांनी आईकडं बघितलं, मग एकमेकींकडं. एकीनं डोक्यावरची घागर सावरत, मुद्दाम बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पाळकीणबाई, कुटून येनं केलं?”

बाबांनी सायकल थांबवली. आई बोलेपर्यंत ते थांबून राहिले.

“माहेरून,” आई म्हणाली.